आमची वाटचाल: लेथवरून गिऱ्हाइकाच्या अंगणात

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची जागा तशी लहानच. एक लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस, एक वेल्डिंग मशीन आणि दारात कायम चाकं काढलेली एखादी गाडी. सुरुवात जॉबवर्कनं झाली. दुसऱ्यानं ड्रॉइंग द्यायचं, आम्ही पिना आणि बुश (सांध्यात बसणाऱ्या पोकळ नळ्या) करून द्यायचे. स्वतःचा माल, म्हणजे चाकाला खालून धरणारा, लांबी बदलता येणारा आर्म, काढावा असं डोक्यात नव्हतं, ते माझ्या मारुती 800 मुळं घडलं.

गाडी सेकंडहँड. मला आणि धाकट्या भावाला मातीतल्या ऑटोक्रॉसचा, म्हणजे मैदानात आखलेल्या वाटेवर घड्याळ लावून गाडी पळवायचा, नाद लागला होता. वळणावर पुढची चाकं बाहेर घसरायची. टायरची बाहेरची कड खाल्लेली, आतली नव्यासारखी. कारण उघड होतं. वळताना गाडी कलते आणि चाक बाहेरच्या कडेवर उभं राहतं. त्याचा माथा आधीच थोडा आत झुकवून ठेवला, म्हणजे कॅम्बर निगेटिव्ह केला, तर वळणात टायर सपाट बसतो. पण 800 ला पुढं कॅम्बर बदलायची सोयच नाही. अलाइनमेंटवाला टो, म्हणजे चाकांची नाकं आत-बाहेर किती वळलीत ते, लावून देतो आणि हात झटकतो.

या गाडीचा पुढचा लोअर आर्म म्हणजे जवळजवळ सरळ दांडाच. आतल्या टोकाला रबराचा बुश, बाहेर चाकाकडं बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्याचा सांधा. आर्मनं मागंपुढं हलू नये म्हणून धरून ठेवायचं काम स्टॅबिलायझर बारकडं. एकच बार गाडीचं कलणंही रोखतो आणि आर्मलाही धरतो. सरळ दांडा म्हटल्यावर तो लेथवर होणारच. सीमलेस पाइप, एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे, दोन्हीकडं आटे घट्ट धरणारे चेकनट. मधला पाइप फिरवला की आर्म गाडीवरच लांब किंवा आखूड होतो. दीड मिलिमीटर पिच दोन्हीकडून, म्हणजे एका फेऱ्याला 3 मिलिमीटर. आमच्या गाडीवर त्यानं साधारण पाव अंश कॅम्बर बदलायचा.

मोजणार कशानं? आमचे आबा गवंडी. ते दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, “चाक ओळंब्यात हाय का न्हाई, एवढंच बघायचं न्हवं?” आणि पिशवीतनं ओळंबा काढून मडगार्डला टांगला. दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर पट्टीनं मोजायचं. 12 इंची रिम कडेपासून कडेपर्यंत 330 मिलिमीटर भरते, त्यावर पावणेसहा मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. अट एकच, जमीन सपाट पाहिजे. आमच्या अंगणाला पावसाचं पाणी जायला उतार होता, तो आबांनी चाकाखाली फरशीचे तुकडे घालून काढला. पुढं कॉम्प्युटराइज्ड मशीनवर नेऊन ताडून पाहिलं, तर आबांचं मोजमाप पाव अंशाच्या आत होतं.

ऑटोक्रॉसच्या मैदानावर दोघा-तिघांनी वाकून गाडीखाली पाहिलं आणि “आम्हाला पण करून द्या” म्हणाले. धंदा म्हणायचा तर तो तिथं सुरू झाला.

पहिल्या खेपेच्या आर्मना आम्ही आतल्या बाजूला रोज जॉइंट (धातूचे उघडे, गोळ्याचे सांधे) लावले होते. दिसायला रेसिंगचा माल! एका पावसाळ्यात त्यांच्यात चिखल गेला आणि खडखडाट सुरू झाला. मग पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे, बुश घातले. ते कडक, पण 800 चा आर्म वर-खाली होताना जरासा पिळतोही, आणि पीयूला पीळ सोसत नाही. गाड्या कुरकुरायला लागल्या. शेवटी रबरावर परत आलो, फक्त जरा कडक प्रतीच्या. कंपनीच्या इंजिनिअरनं रबर लावलं होतं ते उगीच नव्हे, हे कळायला आमची दीड-दोन वर्षं आणि बरेच पैसे गेले.

माल सुधारला तरी तक्रारी थांबेनात. आमचे बहुतेक गिऱ्हाईक आर्म घरी, अंगणात बसवायचे. एकाचे नवे बुश महिन्याभरात फाटले. आम्ही रबरवाल्याशी भांडून आलो आणि मग कळलं की त्यानं गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच बुशचा बोल्ट आवळला होता. रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळतं. बोल्ट हातानं बसवायचा, चाकं लावून गाडी जमिनीवर घ्यायची, दोनदा दाबून हलवायची आणि मगच शेवटचा ताण द्यायचा. चूक त्या गड्याची नव्हतीच, आम्ही सांगितलंच नव्हतं.

मग आर्म कसा बसवायचा याचं पत्रक लिहायला घेतलं. ते बायकोला दाखवलं तर म्हणाली, वाचून काय कळणार, करून बघते. तिनं आयुष्यात पाना धरला नव्हता. रविवारी सकाळी पत्रक बॉनेटवर ठेवून बसली. मागच्या चाकांना दगड लावले. पुढच्या दोन्ही बाजू एकदम उचलून चेसिसखाली जॅक स्टँड घातले, कारण एकच बाजू उचलली तर बारला पीळ बसतो आणि आर्म निघता निघत नाही. पत्रकात पुढं होतं, “नकलचा पिंच बोल्ट सैल करा.” (नकल म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, पिंच बोल्ट त्यात बॉल जॉइंट पकडून ठेवतो.) तिनं केला. आणि अर्धा तास आर्मवर लटकून जोर लावला तरी बॉल जॉइंट बाहेर येईना. मी हसत होतो. तिनं विचारलं, “सैल करू की काढू?” बॉल जॉइंटच्या दांड्याला खाच असते, बोल्ट त्या खाचेतूनच जातो. तो पूर्ण काढल्याशिवाय घण मारला तरी जॉइंट सुटणार नाही. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लिहायचंच राहिलं. पत्रक तीनदा बदललं आणि तिन्ही वेळा तिनंच गाडी उघडली.

पत्रकातल्या दोन गोष्टी मात्र आता मालातच केल्या आहेत. पहिली, आर्म डब्यात कंपनीच्या मूळ लांबीला लावून, चेकनट आवळूनच जातो. बसवणाऱ्यानं आधी तसाच बसवायचा, गाडी चालवून बघायची आणि मग अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानं वाढवायची. दुसरी गोष्ट एका धसक्यातून आली. एका गिऱ्हाइकानं पाइप फिरवत फिरवत आर्म इतका लांब केला की आत जेमतेम चार-पाच आटे उरले. मैदानावर तपासणीत ते सापडलं म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता पाइपला दोन्हीकडं बारीक भोक असतं, त्याला आम्ही खिडकी म्हणतो. खिडकीतून आटे दिसले तर ठीक. पोकळ दिसलं तर गाडी हलवायचीसुद्धा नाही.

आर्म वाढवला की टो बिघडतोच, कारण टाय रॉड आहे तेवढाच राहतो. म्हणून कॅम्बर आधी, टो शेवटी. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर सुतळी ताणून टो घरी लावता येतो, पण मी स्पष्टच सांगतो, त्यानंतर मशीनवर एकदा नेऊन आणा. टायरच्या किमतीपुढं अलाइनमेंटचे पैसे काहीच नाहीत.

मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. आम्हाला त्याची झळ लगेच लागली नाही, जुन्या गाड्या स्वस्त मिळत होत्या. खरी चपराक जानेवारी 2019 मध्ये बसली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कंपनीनं नमूद केलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत चालणार नाही, असा त्याचा रोख. आमच्या आर्मचा त्यात थेट उल्लेख नव्हता. भाऊ म्हणाला, कोण बघतंय खाली वाकून? आठवडाभर घरात वाद. शेवटी ठरवलं की ॲडजस्टेबल आर्म फक्त मैदानावरच्या गाड्यांना द्यायचा. रस्त्यावरच्या गाडीला हवा असेल तर जुन्याच आर्मला नवा बुश प्रेस करून देऊ. विक्री निम्म्यावर आली. भावानं काही महिने माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

आज गल्ला चालतो तो प्रेसवर. बुश बदलणं, बॉल जॉइंट, जुन्या गाड्यांची डागडुजी. ॲडजस्टेबल आर्मच्या महिन्याला मोजक्याच जोड्या जातात. सप्टेंबर 2025 मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा चौकश्या जरा वाढल्या. भाऊ आता फॉर्च्युनर आणि व्ही-क्रॉसच्या वरच्या आर्मच्या मागं लागलाय. मैदानासाठी त्या गाड्यांची उंची वाढवली की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल, कमी होतो आणि स्टीअरिंग सरळ परत येत नाही, तो वरच्या आर्मनं भरून काढता येतो. पण हा आर्म सरळ दांडा नाही, फाट्याचा आहे. जिग, म्हणजे वेल्डिंगला भाग धरून ठेवणारा साचा, लागेल, वेल्डिंग तपासून घ्यावं लागेल. दोन नमुने बनवून आम्ही ते प्रेसखाली वाकवून पाहिले. एक वेल्डला तडकला. तिसरा सध्या लेथशेजारी पडून आहे आणि त्याच्या पत्रकाचा पहिला कागद बायकोकडं.