६० हजारांतला गेमिंग पीसी: यादी पक्की, निम्मे भाग घरात

यादी अखेर पक्की झाली. ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड आणि प्रोसेसर घरी आले आहेत. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि एसएसडी (वेगवान साठवणूक) वाटेत आहेत, कॅबिनेट ठरलंय, मॉनिटर पुढच्या पगाराला. मॉनिटर धरून ६० हजार ही मर्यादा अजून शाबूत आहे. माझ्या पहिल्या यादीतले तीन भाग बदलले आणि तिन्ही वेळा कारण एकच होतं: भाग चांगला होता, पण शेजारच्या भागाशी किंवा घरातल्या विजेशी त्याची जोडी जमत नव्हती. म्हणून या नोंदीत जोड्यांबद्दलच लिहितो. किमती आज आहेत त्या उद्या नसतील, जोड्यांचं गणित मात्र टिकतं.

या वेळी सुरुवात रॅमपासून झाली. एरवी रॅम हा शेवटी टाकायचा भाग, ‘सोळा जीबी घे’ म्हटलं की विषय संपायचा. पण २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांकडून मेमरीची मागणी वाढली, कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवलं आणि घरगुती रॅम महागली. माझ्याकडे दादाच्या जुन्या मशीनमधल्या आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या होत्या, ३२०० वेगाच्या. त्याने लॅपटॉप घेतल्यावर त्या कपाटातच पडून होत्या. त्या पट्ट्यांनी अर्धी यादी ठरवून टाकली. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटला (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) डीडीआर५च लागते, म्हणजे तो रस्ता बंद. उरले दोन: एएमडीच्याच जुन्या एएम४ सॉकेटवरचा रायझन ५ ५६००, किंवा डीडीआर४चा बोर्ड घेऊन इंटेलचा आय५ १२४००एफ.

दोघेही २०२२चे, दोघांनाही सहा कोर आणि बारा थ्रेड, आणि गेममध्ये दोघे इतके जवळ आहेत की एकाला दुसऱ्यापेक्षा सरस म्हणवत नाही. निर्णय बोर्डाने केला. माझ्या बजेटमध्ये इंटेलसाठी एच६१०चे बोर्ड बसत होते, त्यात रॅमचे दोनच स्लॉट. एएम४मध्ये तेवढ्याच पैशांत चार स्लॉटचा बी५५०एम मिळाला. रॅमचे भाव कधी उतरले तर आणखी दोन पट्ट्या टाकता येतील, आहेत त्या काढाव्या लागणार नाहीत. एएम४ आता जुना झाला, त्यावर पुढे मोठं काही येणार नाही, हे मला मान्य आहे. पण आज हातात असलेली रॅम आणि आजचा खिसा यांच्यासाठी तोच बरोबर.

दुकानात मात्र सल्ला वेगळा मिळाला. ‘भाऊ, ५६००ऐवजी रायझन ५ ५५०० घ्या ना, पैसे वाचतील, गेममध्ये काही फरक पडत नाही.’ सल्ला मनापासूनचा होता, आणि हलक्या कार्डासाठी चाललाही असता. माझ्या कार्डाबरोबर तो चालत नाही. का, ते नीट सांगतो, कारण नवख्या मंडळींच्या याद्यांमध्ये ही जोडी फार दिसते.

मी घेतलेलं कार्ड एएमडीचं आरएक्स ६६००. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, एकच आठ पिनांची पॉवर केबल. १०८०पीसाठी (फुल एचडी चित्रासाठी) या किमतीत मला त्याच्या तोडीचं दुसरं नवं कार्ड दिसलं नाही. पण ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्डाला प्रोसेसरशी जोडणाऱ्या रस्त्याच्या, सोळापैकी आठच लेन वापरतं. ४.० आवृत्तीवर आठ लेन भरपूर होतात. ३.०वर त्याच आठ लेनची क्षमता निम्मी होते. आणि रायझन ५ ५५०० हा प्रोसेसर पीसीआयई ३.०चाच आहे, बोर्ड बी५५० असला तरी. गेमची टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रं) कार्डाच्या ८ जीबीत मावतात तोवर काही जाणवत नाही. मावेनाशी झाली की साधी रॅम आणि कार्ड यांच्यात ये-जा सुरू होते, आणि मग वरात अरुंद गल्लीत शिरल्यासारखं सगळं तुंबतं, खेळताना झटके बसतात. शिवाय ५५००ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६००ची ३२. व्हॅलोरंटसारख्या खेळात, जिथे ओझं प्रोसेसरवर असतं, तिथे ही कॅश थेट एफपीएसमध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येत) दिसते. एवढ्या दोन गोष्टींसाठी जास्तीचे पैसे मी आनंदाने दिले.

हाच प्रकार आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये आणखी टोकाचा आहे. त्याला चारच लेन आणि मेमरी बहुतेक वेळा ४ जीबी. जुन्या बी४५० बोर्डावर, म्हणजे पीसीआयई ३.०वर, ते कार्ड लावायचा विचार कुणी करत असेल तर कृपया थांबा.

कार्ड शोधताना आणखी एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघावी लागली: नाव एक, माल दोन. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० नावाने ८ जीबीचं कार्ड मिळतं आणि ६ जीबीचंही. फक्त मेमरी कमी असेल असं वाटतं, पण ६ जीबीवाल्यात कुडा कोर (चित्राचं गणित करणारे भाग) २५६०ऐवजी २३०४ आहेत आणि मेमरीचा बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता, १२८ बिटऐवजी ९६ बिटचा. त्याचा एक खरा गुण आहे, ते ७० वॅटमध्ये भागवतं आणि बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नाही. जुन्या ऑफिसच्या मशीनमध्ये टाकायला छान. नव्या मशीनसाठी नको. जीटी १०३०चंही तसंच: जीडीडीआर५चं एक आणि डीडीआर४चं एक, आणि दुसऱ्याची मेमरी बँडविड्थ (सेकंदाला होणारी डेटाची ने-आण) पहिल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. सेकंडहँड बाजारात आरएक्स ५८० घेणाऱ्यांनी ‘२०४८एसपी’ ही अक्षरं शोधावीत. खऱ्या ५८०त २३०४ शेडर (कुडा कोरसारखेच भाग) असतात. २०४८वालं कार्ड म्हणजे जवळपास ५७०च. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर हा आकडा लगेच दाखवतं. विकणाऱ्याला आधी त्याचा स्क्रीनशॉट मागा.

सेकंडहँड कार्डांचा मीही बराच विचार केला. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर दिवसरात्र गणितं चालवून चलन कमावणं) बंद झालं आणि त्यानंतर ढिगाने कार्डं बाजारात आली. त्यातली बरीचशी अजून हात बदलत फिरताहेत. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं मी म्हणणार नाही, पंखा आणि थर्मल पॅड बदलून वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत. पण मी अकोल्यात राहतो. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या आसपास पारा, आणि खोलीतही सुटका नाही. आधीच तापून निघालेलं कार्ड, वॉरंटी नसताना, या हवेत चालवायची माझी तयारी नाही. नव्याला २१ हजारांच्या आसपास पडले. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला. तो नसेल तर वॉरंटीच्या वेळी पंचाईत होते.

आता एसएमपीएस. या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त पोटतिडीक आहे. तयार कोटेशनमध्ये बाकी प्रत्येक भागाचं नाव-मॉडेल असतं आणि एसएमपीएसपुढे नुसतं ‘४५० वॅट’ लिहिलेलं असतं. असं कोटेशन दिसलं की मॉडेल विचारा.

वॅटचं गणित सोपं आहे. कार्ड १३२, प्रोसेसर जास्तीत जास्त ७६, बाकी सगळं मिळून पन्नासेक. म्हणजे २६० वॅट. ५५० वॅटचा घेतला तर तो निम्म्या भारावर चालेल, तिथेच त्याची कार्यक्षमता सर्वांत चांगली असते, आणि पुढे मोठं कार्ड घेतलं तरी पुरेल. ८० प्लस ब्रॉन्झचा (कार्यक्षमतेचा) शिक्का हवाच, पण तो शिक्का काय सांगतो ते लक्षात घ्या. निम्म्या भारावर ८५ टक्के कार्यक्षमता, एवढंच. ओव्हरलोड, शॉर्ट सर्किट, जास्त व्होल्टेज यांपासून संरक्षण आहे का, हे तो सांगत नाही. आणि ती चाचणी होते २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत. आमच्याकडे उन्हाळ्यात चाळीस अंशांत तोच डबा राबणार. म्हणून ओसीपी (जास्त करंट), ओव्हीपी (जास्त व्होल्टेज), एससीपी (शॉर्ट सर्किट), ओटीपी (जास्त तापमान) ही चार संरक्षणं ज्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिली आहेत आणि पूर्ण भाराची हमी ४० अंशांपर्यंत तरी दिली आहे, तोच घेतला.

लेबलवर आणखी एक ओळ वाचा: इनपुट. काही स्वस्त मॉडेलांवर २००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर १००-२४०. उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की आमच्या घरातलं व्होल्टेज दोनशेच्या खाली घसरतं. पहिल्या प्रकारचा एसएमपीएस तिथे मशीन बंद पाडू शकतो, दुसरा आरामात ओढून नेतो. यादीतल्या तीन बदलांपैकी हा एक होता, आणि त्याला फार थोडे पैसे जास्त लागले.

यूपीएस या बजेटमध्ये नाही. घरी साइन वेव्हचा इन्व्हर्टर आहे आणि त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे. त्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर जायला लागणारा वेळ खूप कमी असतो, पीसी रीस्टार्ट होत नाही. मात्र त्या मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, लगेच बॅटरीवर जातो. त्यामुळे संध्याकाळी बॅटरी किती टिकते ते बघावं लागेल. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असलेल्यांनी आधी चौकशी करावी, ॲक्टिव्ह पीएफसीचे (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असलेले) एसएमपीएस त्यावर कधीकधी अडखळतात. वायरमनला बोलावून सॉकेटची अर्थिंग तपासून घेतली.

कॅबिनेट समोरून जाळीचं, धुळीची फिल्टर निघणारी, पुढे दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा. काचेचं दार आणि दिवे यांच्यावर वेगळे पैसे घातले नाहीत. खोलीतल्या कूलरच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवायचं नाही, ओलसर हवा आणि धूळ दोन्ही थेट आत जातात.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान). १ टीबी हवी होती, पण मेमरीबरोबर एसएसडीही महागल्या. विंडोज आणि चालू खेळ तिच्यावर, बाकी सगळं जुन्या हार्ड डिस्कवर.

एसएमपीएस यायचा होता, पण बोर्ड बदलून देण्याची मुदत थोडी असते, म्हणून शेजारच्या मित्राचा एसएमपीएस तासाभरासाठी आणून टेबलावरच जोडणी केली. बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवला. एएम४च्या प्रोसेसरला खालून पिना असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला की तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. जोर लावायचाच नाही. ५६००बरोबर येणारा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) चार स्प्रिंगच्या स्क्रूंवर बसतो, त्यासाठी बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. त्या काढल्या की मागची धातूची प्लेट सुटी होते, म्हणून खालून एक हात तिच्यावर ठेवूनच पट्ट्या काढल्या. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. केबल कार्डाच्या एचडीएमआयला लावली; ५६००त ग्राफिक्स नाही, बोर्डावरच्या पोर्टातून चित्र येत नाही.

पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टेकवल्या आणि पंखा फिरला. बायोस (बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) उघडला. रॅम २४०० दिसत होती, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करून सेव्ह केलं, परत आल्यावर ३२००. रीसाइज बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू केला. प्रोसेसरचं तापमान चाळीस अंशांच्या थोडं वर स्थिर राहिलं. मला फार बरं वाटलं.

मॉनिटरचा शोध आता २४ इंची, आयपीएस (रंग चांगले दाखवणारा पॅनेल), १०८०पी, १४४ हर्ट्झ आणि फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणारी सोय) एवढ्यावर आलाय, आणि त्यासाठी साधारण ९ हजार राखून ठेवलेत. सायबरपंकमध्ये हे कार्ड मध्यम-उंच सेटिंगवर साठ एफपीएसच्या आसपास राहावं, व्हॅलोरंटमध्ये १४४च्या कितीतरी वर. एसएमपीएस आला की सगळं कॅबिनेटमध्ये बसवून दुपारी दोन वाजता, खोलीतला कूलर बंद ठेवून, कार्डाचं आणि प्रोसेसरचं तापमान मोजणार आहे. ते आकडे पुढच्या नोंदीत.