पाचव्या जागेवरचं अक्षर

मी एका फॅब्रिकेशन युनिटचं स्टोअर सांभाळते. हातमोजे घ्यायला आलेला माणूस आधी मोजा चिमटीत धरून जाडी बघतो, मग एकदा मूठ वळून बघतो, आणि पाठीवर छापलेल्या हातोडीच्या चित्राकडे ढुंकूनही पाहत नाही. "ताई, यापेक्षा जाड नाहीत का?" हा ठरलेला प्रश्न. पण पत्र्याची ताजी कापलेली कड बारीक विणीचा एचपीपीईचा, म्हणजे खास मजबूत पॉलिथिन धाग्याचा, मोजा थोपवतो, आणि त्याच्या दुप्पट जाडीचा सुती मोजा तिच्यापुढे मान टाकतो.

बघायचं ते त्या हातोडीखाली. वर ईएन ३८८, म्हणजे कापणं-घासणं-टोचणं यांपासून वाचवणाऱ्या मोज्यांचं युरोपियन मानक, आणि खाली काहीतरी ४एक्स४२डी असं. पहिला आकडा घासण्याचा: सँडपेपरखाली १०० फेऱ्या टिकला तर १, ८००० टिकला तर ४. तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. हा टोचण्याचा आकडा जरा जपून वाचावा. ती चाचणी साडेचार मिलिमीटर जाडीच्या, गोलसर टोकाच्या दांड्याने होते. इंजेक्शनची सुई किंवा वायर ब्रशची तुटलेली तार त्या आकड्याला काडीची किंमत देत नाही.

आता दुसरी जागा, म्हणजे कापण्याची जुनी चाचणी. त्यात गोल पातं हलक्या दाबाने कापडावर मागेपुढे फिरवतात. विणीत काचतंतू किंवा स्टीलची तार असेल तर पातंच बोथट होतं आणि मोज्याला फुकटचे गुण मिळतात. म्हणून २०१६ च्या आवृत्तीत पाचव्या जागी अक्षर आलं. सरळ पातं, दर वेळी नवं, एकच फटका. कापायला किती जोर लागला ते न्यूटनमध्ये मोजायचं. ए म्हणजे २ न्यूटन, डी म्हणजे १५, एफ म्हणजे ३०. एक्स म्हणजे नापास नव्हे, ती चाचणी केलेली नाही किंवा त्या मोज्याला लागू नाही. पत्रा हाताळणाऱ्यांना मोजे देताना मी आधी हे पाचवं अक्षरच बघते.

अक्षरांचा घोळ मात्र भरपूर आहे. युरोपात ए सगळ्यात खालचा. अमेरिकेच्या आन्सी या मानक पद्धतीत ए१ ते ए९, म्हणजे तिथे सगळ्यांच्याच नावात ए! विक्रेता "मॅडम, ए ग्रेड माल" म्हणाला की मी विचारते, कुठला ए? बहुतेकांना उत्तर येत नाही. शिवाय ईएन ३८८ चे हे आकडे तळहाताच्या भागाचे. बोटांच्या बेचक्यात आणि पाठीवर कापड वेगळं असेल तर तिथला भरवसा वेगळा.

ड्रिल आणि लेथवरच्या माणसाला मी मोजे देतच नाही. यावर वाद होतात. फिरत्या चकने, म्हणजे ड्रिल किंवा जॉब धरणाऱ्या पकडीने, मोज्याचं टोक पकडलं की मजबूत मोजा फाटत नाही, आणि म्हणूनच हात आत ओढतो. तिथे एफ असो नाहीतर ए९, उघडा हातच बरा.

थिनरचं प्रकरण याहून फसवं, कारण तिथे मोज्याला भोक पडलेलं दिसत नाही. द्रव रेणूरेणूने आरपार झिरपतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्स मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल संयुगाचे काही थेंब पडले. मोजा अखंड होता. पुढच्या वर्षी त्या पाऱ्याच्या विषबाधेने गेल्या. आमच्याकडे असलं जहाल काही नाही, पण ॲसिटोनसुद्धा पातळ नायट्राइल रबराच्या मोज्यामधून थोड्याच वेळात पार होतं. त्याला ब्यूटिल रबर लागतं. उलट पेट्रोल-तेलाला नायट्राइल चांगलं आणि ब्यूटिल कुचकामी. रसायनांपासून वाचवणाऱ्या मोज्यांचं मानक ईएन आयएसओ ३७४, त्याच्या चंबूच्या चित्राखाली मोजा कुठल्या रसायनांवर तपासला त्यांची अक्षरं असतात. ॲसिटोनचं अक्षर बी. आणि 'टाइप बी' म्हणजे आणखी तिसरंच काहीतरी: यादीतली किमान तीन रसायनं ३० मिनिटं अडवणारा मोजा. त्या तिनात ॲसिटोन असेलच असं नाही. हे मी पेंट शॉपच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय.

साइजबद्दल कुणी बोलतच नाही. अंगठा सोडून तळहाताचा घेर मोजायचा. २०३ मिलिमीटर आला तर ८, २२९ ला ९. वेल्डिंगला नव्या आलेल्या मुलींना ७ लागतो आणि आमच्या छापील मागणीपत्रावर फक्त ९ आणि १० चे रकाने. ढिल्या मोज्याचं रिकामं टोक क्लॅम्पमध्ये सापडतं, मग त्या मोजे काढून काम करतात आणि सुपरवायझर त्यांनाच ओरडतो. या वेळी ७ चा रकाना मी पेनाने आखून पाठवला. पुरवठादाराचा लगेच फोन, एवढ्या लहान साइजला मागणी नसते म्हणे, अख्खं खोकं घ्यावं लागेल. घेते म्हटलं.