परत एकदा बनवाबनवी

काल रात्री परत 'अशी ही बनवाबनवी' लावला आणि झोपायला दीड वाजला. १९८८ चा पिक्चर, १९६६ च्या हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' वरून घेतलेला, पण आपल्या लोकांनी त्याचं असं काही पुणेरी करून टाकलंय ना की मूळ कोणाला आठवतही नाही.

भाड्याची खोली मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायकोचं सोंग घेतात, एवढीच गोष्ट. आता लॉजिक बघायला गेलं तर काहीच नाही, पार्वती झालेल्या लक्ष्याचा (लक्ष्मीकांत बेर्डे) आवाज, चालणं सगळं पुरुषी आणि तरी घरमालकीण लीलाबाईंना ती बाईच वाटते, डोहाळजेवणसुद्धा होतं! आणि खरं सांगू, ज्या मुलींशी इतकं खोटं बोलले त्या शेवटी फार पटकन माफ करतात, हे मला आता मोठी झाल्यावर खटकतं. लहानपणी नाही खटकलं कधी.

पण अशोक सराफ त्यांच्या बॉस माधुरी मॅडमसमोर उभे राहिले की मी सगळं विसरते. काय टायमिंग आहे त्या माणसाचं! घाबरलेला, प्रेमात पडलेला आणि वर थाप पचवणारा, तिन्ही एकाच चेहऱ्यावर. आणि माधुरी झालेली अश्विनी भावे काय गोड दिसलीये, तिच्यामुळे ते प्रेम खरं वाटतं.

आईला फोन केला सकाळी, तर म्हणे मला का नाही उठवलंस, मी पण लावला असता.