रजेवरून आलेल्या माणसाला रिव्हिजन सापडते का?

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्लॅनिंग बघते. तीन शिफ्ट, सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) टर्निंग-बोअरिंगची, म्हणजे धातू कातायची आणि भोक मोठं करायची कामं, आणि निरोपांचा सगळा कारभार एका व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्राहकाने ड्रॉइंगची रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) बदलली, तिचा फोटो ग्रुपवर पडला आणि त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, पगाराची चौकशी, कूलंट संपल्याचा निरोप असं काय काय चढत गेलं. रात्रपाळीने जुन्याच रिव्हिजनवर अख्खा लॉट काढला. बोअर (भोक) मोठं झालेलं, म्हणजे रीवर्कचाही प्रश्न नाही. माल थेट भंगारात.

त्यानंतर साहेबांनी स्लॅक, टीम्स आणि झुलिप या तिन्ही ऑफिस-चॅट ॲप्सची ट्रायल घ्यायला सांगितली. निर्णय बुधवारी घ्यायचा होता, कारण गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी; बसवाबसवी तेव्हाच शक्य. ऑफिसचा कल टीम्सकडे होता: मेल, एक्सेल सगळं जोडलेलं. मला ते पटत नव्हतं. ऑफिसातला माणूस दिवसभर स्क्रीनसमोर असतो, त्याचं कशावरही भागतं. खरी गरज आहे ती निरोप आला तेव्हा जागेवर नसलेल्या माणसाला.

म्हणून त्या आठवड्यातले मेसेज ज्याचे त्याला तिन्ही ठिकाणी पुन्हा टाकायला लावले. आमचे एक जुने सेटर (मशीन कामासाठी लावून देणारे), सगळे त्यांना काका म्हणतात, तेव्हा लग्नासाठी गावी होते. बुधवारी शिफ्ट बदलताना त्यांच्या हातात टॅबलेट दिला आणि म्हटलं, "काका, या जॉबचं चालू बोअर किती, ते शोधून सांगा."

स्लॅकवर कुणी थ्रेडमध्ये (मूळ मेसेजच्या खाली) उत्तर दिलेलं, कुणी बाहेर चॅनेलवरच. काकांच्या हाती आधी जुना फोटो लागला. टीम्सवर प्रत्येकाने नवी पोस्ट टाकलेली, म्हणजे एकाच जॉबचे निरोप विखुरलेले. झुलिपमध्ये मेसेज टाकताना चॅनेलच्या आत विषय देता येतो, आणि सगळ्यांनी सहज पार्ट नंबरच दिला होता. काकांनी नंबरावर बोट ठेवलं, वरून खालपर्यंत सावकाश वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, रिव्हिजन सी चालू आहे. टॉलरन्स आवळलाय, ऑफसेट बदलावा लागेल." ऑफसेटचं, म्हणजे मशीनमधल्या टूलच्या मापाच्या दुरुस्तीचं, तर मी विचारलंही नव्हतं! मला त्या क्षणी फार आनंद झाला.

मग खर्चाचं बोलणं. स्लॅकच्या मोफत योजनेत 90 दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत, आणि आमच्याकडे ग्राहकाची तक्रार सहा-सहा महिन्यांनी येते. पैसे भरायचे तर दरमहा माणशी. झुलिप ओपन सोर्स आहे, आपल्याच सर्व्हरवर चालवता येतं, त्यामुळे ग्राहकाची ड्रॉइंग्ज बाहेर जात नाहीत. मात्र वापरकर्ते दहापेक्षा जास्त असले की मोबाइल नोटिफिकेशनसाठी पैसे लागतात. शॉपमध्ये मोबाइलला तशीही बंदी आहे, म्हणून झुलिप घेऊन प्रत्येक लाइनला एक टॅबलेट लावायचं ठरलं. साहेबांनी बॅकअपबद्दल खोदून खोदून विचारलं, ते योग्यच होतं. रोजचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्यायची जबाबदारी लगेच नेमून दिली.

काकांनी एक अट घातली. मशीन बंद पडलं किंवा कुणाला लागलं, तर तिथे लिहीत बसायचं नाही, सुपरवायझरला थेट फोन करायचा. सर्वांच्या चॅनेलमध्ये पहिला मेसेज तोच टाकला.