गुंद्रादा कोणाची मुलगी? वॉरेन घराण्याची वंशावळ तपासताना

वॉरेन या इंग्लंडमधल्या नॉर्मन सरदार घराण्याची वंशावळ नेटवर कुठेही उघडा, पहिल्याच जोडप्यापाशी घोळ असतो. विल्यम द वॉरेनची बायको गुंद्रादा ही इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची मुलगी म्हणून लावलेली असते, आणि मग खालच्या प्रत्येकाचं नातं थेट राजगादीला जाऊन भिडतं. ती राजाची मुलगी नव्हती, त्याच्या राणीला, माटिल्डाला, आधीच्या लग्नापासून झालेलीही नव्हती. हा निकाल ज्या कागदांवरून लागतो ते कागद पाहिले, की नॉर्मन वंशावळींत कशावर विसंबायचं आणि कशावर नाही, हे आपोआप कळतं.

आधी माणसं ओळखून घेऊ. विल्यम हा नॉर्मंडीतल्या दिएप्पजवळच्या वारेन नदीकाठचा. 1054 मध्ये मॉर्तमेरच्या लढाईनंतर तिथला किल्ला रॉजर द मॉर्तमेरकडून काढून त्याला देण्यात आला. 1066 मध्ये, ज्या लढाईने नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं त्या हेस्टिंग्जच्या रणात तो हजर होता. 'आमचा पूर्वज हेस्टिंग्जला होता' असं सांगणारी घराणी पुष्कळ आहेत, पण समकालीन पुराव्याने ज्यांची हजेरी लागते ती नावं मोजकी, आणि त्यांत हा एक आहे. त्याला ससेक्समध्ये ल्यूइस, नॉरफोकमध्ये कासल एकर, यॉर्कशरमध्ये कॉनिसब्रो अशी वतनं मिळाली. 1088 मध्ये तो सरेचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, झाला आणि त्याच वर्षी पेव्हन्सीच्या वेढ्यात लागलेल्या जखमेने गेला. गुंद्रादा त्याआधीच, 27 मे 1085 रोजी, कासल एकर इथे बाळंतपणात वारली होती. ल्यूइसचा मठ दोघांनी मिळून स्थापलेला, इंग्लंडमधला क्लूनी या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाचा पहिला मठ.

राजकन्येची कथा याच मठातून निघाली. स्थापनेच्या दानपत्राची जी विस्तारित प्रत मिळते, तिच्यात विल्यम म्हणतो की हे दान 'माझ्या बायकोची आई राणी माटिल्डा' हिच्या आत्म्यासाठी आहे. एवढं स्पष्ट वाक्य सापडल्यावर माणूस शोध थांबवतो, आणि इथेच फसतो. ही प्रत मठाच्या दप्तरातली नक्कल आहे, दप्तर 1444 चं. स्थापना 1077 च्या सुमाराची, म्हणजे मध्ये साडेतीनशेहून जास्त वर्षं गेली. आपली संस्थापिका राजकन्या असणं मठाच्या सोयीचंच होतं. ज्या कागदाचा लाभ तो कागद जपणाऱ्यालाच होतो, त्यातली नाती दुसरीकडून पक्की झाल्याशिवाय वंशवृक्षात घालू नयेत.

दुसरीकडे काय आहे? ऑर्डेरिक व्हिटालिस हा इतिहासकार तिला गेर्बोडची बहीण म्हणतो. गेर्बोड हा फ्लेमिश सरदार, काही काळ चेस्टरचा अर्ल होता. तिचा आणखी एक भाऊ फ्रेडरिक, तो हेरवर्ड या नॉर्मनांविरुद्ध लढणाऱ्या बंडखोराच्या हातून मारला गेला. हे नातं जमिनीवरूनही ताडून पाहता येतं. 1086 च्या डूम्सडे पाहणीत नॉरफोकमधल्या वॉरेनच्या काही जमिनी 'फ्रेडरिकच्या वतनातल्या' म्हणून नोंदल्या आहेत. मेव्हण्याची जमीन बहिणीच्या नवऱ्याकडे आली, एवढा साधा अर्थ. करवसुलीच्या पाहणीला कोणाच्या कुळाची शान वाढवायची नव्हती, म्हणून ती नोंद मठाच्या नकलेपेक्षा वजनदार.

तिच्या थडग्याची काळ्या दगडाची कोरीव शिळा आज ल्यूइसच्या साउथओव्हर भागातल्या चर्चमध्ये आहे. ती घडवली तिच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी. पुढे ती आयझफिल्डच्या चर्चमध्ये भलत्याच माणसाच्या थडग्यावर बसवली गेली होती, अठराव्या शतकात ती ओळखू आली. 1845 मध्ये मठाच्या जागेतून रेल्वेमार्ग खोदताना नवराबायकोच्या अस्थींच्या शिशाच्या पेट्याही मिळाल्या, दोन्हींवर नावं कोरलेली. शिळेवरचा लॅटिन मजकूर तिला 'ड्यूकांच्या कुळातली' म्हणतो. राजा किंवा राणीचा उल्लेख नाही. राणीची मुलगी असती, तर स्तुतीच्या लेखात ते पहिल्याच ओळीत आलं असतं.

पण हे सगळं अनुमानाचं. खरा घाव घालतं ते कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याचं पत्र. विजेता विल्यम आणि माटिल्डा यांच्या मुलाला, राजा पहिल्या हेन्रीला, आपली एक अनौरस मुलगी दुसऱ्या विल्यम द वॉरेनला, म्हणजे गुंद्रादाच्या मुलाला, द्यायची होती. अन्सेल्मने मनाई केली. कारण दिलं: मूळ पूर्वजापासून एक जण चौथ्या पिढीत, दुसरा सहाव्या पिढीत, त्यामुळे लग्न चालणार नाही. त्या काळी चर्चची सात पिढ्यांपर्यंतच्या नात्यात लग्नाला मनाई होती. 1215 मध्ये ती चारवर आली.

आता मोजा. चर्चची रीत अशी, की समान पूर्वज धरायचा नाही, त्याच्या मुलांपासून एक, दोन, तीन. आपल्या सपिंड मोजणीत माणूस स्वतःला पहिला धरून वर जातो आणि आईच्या बाजूला सूट असते. इथे तशी सूट नाही. गुंद्रादा माटिल्डाची मुलगी असती, तर एका बाजूला गुंद्रादा एक, तिचा मुलगा दोन. दुसऱ्या बाजूला हेन्री एक, त्याची मुलगी दोन. म्हणजे नवरी सख्ख्या मामाची मुलगी निघाली असती. दोन आणि दोन असं उघड नातं हाताशी असताना चार आणि सहा उकरून काढायला अन्सेल्म काही वेडा नव्हता. पत्र वंशावळीसाठी लिहिलेलं नाही, एक लग्न मोडण्यासाठी लिहिलेलं आहे, म्हणूनच ते इतकं कामाचं. एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर विद्वानांची चांगलीच जुंपली होती. तो वाद मिटला तो मुख्यतः या पत्रामुळे.

मग ते चार आणि सहा येतात कुठून? सहाची बाजू सोपी आहे. नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड याची बायको गुन्नोर, तिच्या बापापासून धरलं तर गुन्नोर एक, दुसरा रिचर्ड दोन, रॉबर्ट तीन, विजेता विल्यम चार, हेन्री पाच, मुलगी सहा. वॉरेनची बाजू मात्र अवघड. बाराव्या शतकातला इतिहासकार रॉबर्ट ऑफ तोरिन्यी सांगतो, की वॉरेनांची आई गुन्नोरची भाची. ती बेआत्रिस धरली, तर गुन्नोरची बहीण एक, बेआत्रिस दोन, पहिला विल्यम तीन, दुसरा चार. झकास जुळलं.

आणि इथेच थांबू नये. 1050 च्या सुमाराच्या दानपत्रात रॉडुल्फ द वॉरेन आणि बायको बेआत्रिस दिसतात. 1059 च्या दानपत्रात रॉडुल्फ, बायको एम्मा आणि मुलगे रॉडुल्फ व विल्यम. जुनं मत असं, की रॉडुल्फ एकच, बायका दोन, आणि विल्यम बेआत्रिसचा. पण कागद तर एम्माचा मुलगा म्हणतो! म्हणून नवं मत असं, की हे बापलेक आहेत: पहिल्या रॉडुल्फची बेआत्रिस, दुसऱ्याची एम्मा, आणि तोरिन्यीने दोन पिढ्यांची एक करून टाकली. ही खोड त्याला इतर घराण्यांतही आहे. तो विल्यम वॉरेन आणि रॉजर मॉर्तमेर यांना सख्खे भाऊ करतो, तर ऑर्डेरिक नुसते नातेवाईक म्हणतो. दुसरं मत मला जास्त पटतं. त्याची किंमतही सांगायला हवी: एक पिढी वाढली की अन्सेल्मचा चार पाच होतो, आणि तो पुन्हा चार करायला बेआत्रिसला गुन्नोरची भाची न धरता बहीण धरावं लागतं. तेव्हा वंशवृक्षात एम्माची रेघ पक्की काढा, बेआत्रिसची तुटक.

खालच्या बाजूला कागद भरपूर, पण दोन ठिकाणी ठेच लागते. तिसरा विल्यम धर्मयुद्धात जानेवारी 1148 मध्ये लाओडिकियाजवळ पडला. मागे एकुलती मुलगी इझाबेल. तिचं पहिलं लग्न राजा स्टीफनच्या मुलाशी, दुसरं 1164 मध्ये दुसऱ्या हेन्रीचा अनौरस सावत्र भाऊ हॅमेलिनशी. हॅमेलिनने बायकोच्या घराण्याचं नाव घेतलं. म्हणजे पुढचे सगळे अर्ल नावाने वॉरेन, बापाच्या बाजूने आंजूचे, म्हणजे दुसऱ्या हेन्रीच्याच कुळातले. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय डीएनए जुळवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. राजघराण्याशी खरं नातं हवं असेल, तर ते इथे आहे, गुंद्रादाकडे नाही. अर्लचे क्रमांकही याच जागी घसरतात: पहिला नवरा मोजला तर हॅमेलिन पाचवा, नाही मोजला तर चौथा. म्हणून क्रमांक लिहूच नये, मृत्यूचं साल लिहावं: हॅमेलिन, मृ. 1202.

ढाल लावायची हौस असेल, तर सोनेरी-निळे चौकोन याच घराण्याचे. फक्त ते हेस्टिंग्जच्या विल्यमला लावू नका. 1066 मध्ये वंशपरंपरागत चिन्हांची पद्धतच नव्हती. हे चौकोन बहुधा दुसऱ्या विल्यमची बायको, व्हेर्मांद्वाची इझाबेल, हिच्याकडून आले. तिच्या पहिल्या नवऱ्याच्या मुलाच्या, मलाँच्या वालेरानच्या, मुद्रेवरही ते आहेत. 1347 मध्ये शेवटचा जॉन औरस संततीशिवाय गेला, आणि अर्लपद त्याच्या बहिणीचा मुलगा रिचर्ड फिट्झॲलनकडे गेलं. त्यापुढे वॉरेन आडनावाचं कोणी भेटलं, तर ते अनौरस शाखेतलं, धाकट्या पातीतलं की नुसतंच त्या नावाचं, हे जमिनीच्या कागदावरून एकेक पिढी मागे जातच ठरवायचं.