नायट्रेट 80, फॉस्फेट 0.06

रावेर तालुक्यातल्या एका केळीबागायतदाराच्या घरातला हा रीफ टँक, म्हणजे कोरल आणि माशांची खाऱ्या पाण्याची टाकी. चार फुटी काच, खाली सम्प (पाणी गाळण्याची दुसरी छोटी टाकी), दगड-वाळूची जागा वजा जाता पाणी 280 लिटर. क्लाऊनफिशची जोडी, एक टँग, तीन डॅमसेल. कोरल सगळे मऊ जातीचे: मश्रूम, झोआ, एक मोठा टोडस्टूल लेदर आणि कोपऱ्यात झेनियाचा झुबका. प्रवाळभिंत उभारणारे कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत येतात. त्यामुळे ज्या टाकीत ते असतात, तिचं काम मी घेत नाही.

फोन आला तो ऐन वैशाखात. लेदरचे पॉलिप (फुलासारखी छोटी तोंडं) बाहेर येईनात, झेनियाची उघडझाप थांबलेली, मागच्या काचेवर केसाळ हिरवं शेवाळ, आणि नायट्रेट काही केल्या उतरत नाही. टाकीवाल्या दादांनी त्याआधी बरंच काही करून पाहिलं होतं. मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बसवला, बॅक्टेरियाच्या बाटल्या ओतल्या, खाणं निम्म्यावर आणलं, दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदललं. आकडा तिथल्या तिथे. "भाऊ, मासे कमी करू का?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

मासे काढण्याआधी आकडा खरा आहे का ते बघायचं असतं. नायट्रेटच्या किटवर 50 आणि 100 यांचे रंग डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात. म्हणून टाकीचं पाणी 1 मिलि घ्यायचं, त्यात शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं पाणी 4 मिलि घालायचं, मिश्रण नीट हलवायचं आणि त्यातूनच चाचणी करून आलेला आकडा 5 ने गुणायचा. किटमध्ये द्रवाच्या दोन बाटल्या असतील तर दुसरी किमान अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते. तिच्यातला घटक तळाशी बसतो, आणि तो नळीत उतरलाच नाही तर आकडा खोटाच कमी येतो. किट नायट्रेट दाखवतं की नायट्रेट-नायट्रोजन, हेही डबीवर वाचून घ्यायचं. दुसऱ्या प्रकारचा आकडा 4.43 ने गुणल्यावर नायट्रेट मिळतं. शिवाय टाकीत नायट्राइट असेल तर नायट्रेटची चाचणी फुगून येते, म्हणून तेही तपासलं. नायट्राइट शून्य. पातळ केलेल्या नमुन्याचा रंग 10 आणि 25 च्या मधोमध, साधारण 16. म्हणजे टाकीत नायट्रेट 80 पीपीएम, लिटरमागे 80 मिलिग्रॅम.

त्यानंतर फॉस्फेट पाहिलं: 0.06. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, 12 डीकेएच. गुंता आणि उलगडा दोन्ही इथेच होते.

खाणं जास्त पडलं, मासे जास्त झाले किंवा दगडामागे काही मेलं, तर नायट्रेटबरोबर फॉस्फेटही चढतं, कारण खाण्यात दोन्ही असतात. फॉस्फेटचा काही भाग दगड आणि वाळू धरून ठेवतात, त्यामुळे एवढ्या एका आकड्यावर निकाल देता येत नाही. पण इथे अल्कलिनिटीही बोलत होती. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली अल्कलिनिटी खर्च होते. 50 पीपीएम नायट्रेट तयार झालं की साधारण 2.3 डीकेएच उतरतात. हे 80 पीपीएम माशांच्या घाणीतून आलं असतं तर अल्कलिनिटी खचायला हवी होती. दादा बफर घालत नव्हते, कॅल्शियमही घालत नव्हते. टाकीच्या पाण्यात कालवायच्या समुद्री मिठाच्या बादलीवर 8 ते 9 डीकेएच लिहिलेलं. मग 12 आले कुठून? टाकीत नायट्रेट आणि कार्बोनेट दोन्ही बरोबरीने ओतणारी एकच गोष्ट असू शकते: वरून घातलं जाणारं गोडं पाणी.

टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, कशाने करता, असं विचारल्यावर घरातले अप्पा म्हणाले, "पाणी तं आरओचंच आहे ना भो."

स्वयंपाकघरातल्या त्या आरओच्या नळाखाली टीडीएस मीटर धरला: 190. बोअरचं पाणी 780. नीट चालणारा मेम्ब्रेन (आरओमधला क्षार अडवणारा पडदा) 780 चे 40 च्या आसपास आणतो, 190 नाही. मेम्ब्रेन खराब नव्हता. घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर नावाची छोटी झडप असते. ती मेम्ब्रेनला वळसा घालून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळते. ही झडप चांगली पाव फेरी उघडी होती. बसवणाऱ्याने पाणी गोड लागावं म्हणून तसं केलं असणार, आणि पिण्याच्या दृष्टीने त्यात काही वावगं नाही. पण नळाला येणाऱ्या पाण्यात पाचवा हिस्सा सरळ बोअरचा होता.

बोअरच्या पाण्यात नायट्रेट 75. आरओच्या नळाला 20.

आता उन्हाळ्याचा हिशोब. चिलर नाही, म्हणून सम्पवर दोन पंखे लावलेले. आमच्याकडची हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते की पंख्याने पाण्याचं तापमान तीन-चार अंशांनी सहज उतरतं. एक लिटर पाणी उडताना जवळजवळ 0.67 युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. त्याची किंमत म्हणजे रोजचं 6 लिटर बाष्पीभवन. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. बासुंदी आटवावी तसं नायट्रेट टाकीत आटत जातं. रोज 6 लिटर, लिटरमागे 20 मिलिग्रॅम, म्हणजे 120 मिलिग्रॅम. आठवड्याचे 840. आठवड्याला बदलायच्या 28 लिटर खाऱ्या पाण्यासाठी मीठही ह्याच नळाच्या पाण्यात कालवलेलं, त्यातून आणखी 560. दोन्ही मिळून 1400 मिलिग्रॅम नायट्रेट दर आठवड्याला आत. त्याच 28 लिटरबरोबर 80 च्या पातळीला बाहेर जात होतं 2240. फरक 840, तो माशांचा. आत येणारं आणि बाहेर जाणारं 80 वर येऊन बरोबर सुटलं होतं, म्हणून आकडा हलत नव्हता. स्किमर मोठा केल्याने काही झालं नाही ते याचमुळे: तो प्रथिनं कुजण्याआधी उचलतो, पाण्यात विरघळलेलं नायट्रेट त्याच्या हाती लागत नाही.

एवढं नायट्रेट बोअरला कुठून आलं, हे रावेर-यावलच्या माणसाला समजावायची गरज नसते. केळीला शिफारसच झाडामागे 200 ग्रॅम नत्राची आहे, म्हणजे 435 ग्रॅम युरिया, आणि प्रत्यक्षात बरेच जण त्याहून जास्त टाकतात. नायट्रेटवर ऋण भार असतो. काळ्या मातीच्या कणांवरही ऋण भारच, त्यामुळे माती त्याला धरत नाही आणि पाण्याबरोबर ते खाली उतरत राहतं. फॉस्फेट मात्र माती घट्ट धरून ठेवते, म्हणून बोअरमध्ये ते नगण्य. टाकीतलं 80 आणि 0.06 हे गणित अगदी शेताचंच होतं.

इथे टाकी बाजूला ठेवून अप्पांशी बोलावं लागलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा नायट्रेट 45 मिलिग्रॅम आहे. बोअरचं 75. आरओच्या नळाचं 20 घरच्यांनी प्यायला हरकत नव्हती. पण घरात तान्हं बाळ होतं, आणि त्याच्या दुधासाठी कधीकधी बोअरचं पाणी उकळून घेतलं जात होतं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते कमी करतं. बाळासाठी त्या दिवसापासून बोअरचं पाणी बंद, हे मी टाकीच्या कामाआधी पक्कं करून घेतलं.

टाकीसाठी घरच्या आरओची झडप बंद करणं हा अर्धाच उपाय. मेम्ब्रेन नायट्रेट साधारण 90 टक्के अडवतो, इतर क्षारांपेक्षा कमी. 75 चे 7 उरतातच. म्हणून वेगळी लाइन टाकली. 5 मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, मग कार्बन ब्लॉक, बूस्टर पंप, 75 जीपीडीचा (दिवसाला 75 गॅलनचा) मेम्ब्रेन, आणि त्यापुढे उरलेले क्षार धरणाऱ्या, रंग बदलणाऱ्या मिक्स-बेड रेझिनचे दोन उभे डबे एकामागे एक. मेम्ब्रेनला 60 पीएसआय दाब मिळाला तरच तो नीट अडवतो, म्हणून पंपाशेजारी गेज हवाच. बोअरला क्लोरीन नसतं, तरी कार्बन ठेवला. नगरपालिकेचं पाणी कधी टाकीत चढलं तर क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतं. मेम्ब्रेन आणि रेझिन यांच्यामध्ये एक टी आणि छोटा कॉक बसवला. युनिट बंद पडून राहिलं की सुरुवातीचं पाणी जास्त टीडीएसचं येतं, ते पहिली पाच-दहा मिनिटं बाहेर सोडलं तर रेझिन कितीतरी जास्त टिकतं. पहिल्या डब्याचा रंग तीन-चतुर्थांश उतरला की दुसरा पुढे घ्यायचा आणि नवा मागे लावायचा. शेवटी मीटरवर शून्य हवा. 2-3 दिसला की रेझिन बदला, कारण संपत आलेल्या रेझिनमधून सिलिका आधी निसटतं आणि वाळूवर तपकिरी थर चढतो. वाया जाणारं पाणी शुद्ध पाण्याच्या तिप्पट असतं. ते नायट्रेटने भरलेलंच, म्हणून त्याची नळी परसातल्या केळीच्या खोडांशी नेली.

पाणी शुद्ध झालं म्हणून टाकी एकदम निम्मी बदलायची नाही. 80 वरून एका दिवसात 40, आणि 12 डीकेएचवरून 10, असा झटका मऊ कोरलही सोसत नाहीत. आठवड्याला 20 टक्के, म्हणजे 56 लिटर, हे ठरवलं. लिटरला 36 ग्रॅमच्या हिशोबाने मीठ 2 किलो, झाकणाच्या ड्रममध्ये पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून रात्रभर फिरवायचं, क्षारता 35, तापमान टाकीएवढं. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या द्रावणाने तपासायचा, साध्या पाण्याने नाही. ह्या वेगाने माशांची भर धरूनही पहिल्या आठवड्यानंतर 67, चौथ्यानंतर 42, दोन महिन्यांनी 26 येतो, आणि पुढे 15 वर आकडा स्थिरावतो. झेनियाची उघडझाप 40 च्या आसपास परत सुरू झाली. लेदरने एकदा कात टाकली आणि मग पॉलिप काढले.

दादांना अजून लवकर हवं होतं, व्हिनेगर सुरू करायचा होता. 100 लिटरला रोज 1 मिलिपासून हळूहळू चढवत नेलं तर ही पद्धत काम करते, यात शंका नाही: कार्बन मिळाला की जिवाणू वाढतात, नायट्रेट आणि फॉस्फेट खातात आणि स्किमरमधून बाहेर पडतात. पण ते प्राणवायूही खातात. मे महिन्यात पाणी 29 अंशांवर, त्यात प्राणवायू मुळातच कमी, आणि रात्री वीज गेली की स्किमर बंद. अशा टाकीत व्हिनेगर मी घालू देत नाही. त्याऐवजी सम्पमध्ये किटोमॉर्फा या नायट्रेट खाणाऱ्या शेवाळाचा गोळा आणि रात्रभर दिवा, शिवाय बॅटरीवरचा एअर पंप. फॉस्फेट काढणारी पावडरही ठेवू नका म्हटलं. नायट्रेट असताना फॉस्फेट शून्यावर गेलं तर किटो वाढायचं थांबतं, कोरल फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकट तवंग येतो. फॉस्फेट 0.03 च्या खाली उतरू द्यायचं नाही.

आता पावसाळा लागला की पंख्यांचा उपयोग निम्म्यावर येईल, टॉप-अपही 2 लिटरवर उतरेल. पण मृगबागेला (पावसाच्या तोंडावर लावलेल्या केळीला) ठिबकमधून युरिया सुटायला लागला आणि जमीन भिजली की बोअरचा आकडा पुन्हा बदलतो. म्हणून श्रावणात आणि कांदेबागेच्या (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या) खतानंतर अशा दोनदा बोअर, मेम्ब्रेननंतरचा कॉक आणि शेवटची नळी, तिन्ही ठिकाणचं नायट्रेट तपासायचं असं वहीत लिहून दिलं आहे.