१८१५ची फॅशन, गेल्या गुरुवारचं कापड

आधी हेच सांगते, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. भारतातून कपडे मागवत असाल तर कुरिअरच्या फॉर्मवर साल लिहू देऊ नका. कुठलंच.

मी ब्रिस्टलला राहते. इथून बाथ रेल्वेने जेमतेम पंधरा मिनिटं. इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन १८०१ ते १८०६ तिथे राहायची, म्हणून दर सप्टेंबरात तिच्या नावाने दहा दिवसांचा उत्सव भरतो. एका शनिवारी शेकडो माणसं तिच्या काळातले कपडे घालून गावभर मिरवतात, मग व्याख्यानं, नाच, पत्त्यांचे डाव. आमच्या वाचनगटाने, म्हणजे सहा बायका आणि एक निवृत्त पोस्टमन, यंदा जायचं ठरवलं. तिकिटं निघाली. नाचही जमला. समोरासमोर दोन रांगा, जोडी एकेक घर वर सरकते. लहानपणी झिम्मा खेळलेलीला दोन शनिवार पुरतात. राहिला झगा.

इथल्या शिंपिणीने सांगितलेला आकडा ऐकून मी पुण्याला मावशीला फोन लावला. तिने रविवार पेठेतून पाच मीटर पांढरी मलमल आणली आणि सदाशिव पेठेतल्या टेलरकाकांना माझं चित्र दाखवलं. काकांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं म्हणे. "कंबर इतकी वर? मापात चूक आहे." चूक नव्हती. त्या काळात कंबर छातीच्या लगेच खाली घेत, तिथून घेर सरळ पायापर्यंत. चेन नाही, पाठीमागे नाडी. नाडी म्हटल्यावर काकांना सगळं कळलं. चार दिवसांत झगा तयार. (आत साधा पांढरा परकर चालतो, वेगळं काही शिवू नका.)

आणि मग कुरिअर.

टेलरकाकांना लिहिलेल्या चिठ्ठीत मी वर '१८१५ स्टाइल' असं लिहिलं होतं. मावशी एकाहत्तर वर्षांची, आयुष्यभर शाळेत क्लार्क होती, कागदावर असेल तेच फॉर्मवर उतरवणारी. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: बायकांचा झगा, १८१५.

पार्सल तीन दिवस जाग्यावरून हललं नाही. चौथ्या दिवशी मावशीला फोन आला, ऑफिसात या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ही अँटिक वस्तू आहे. शंभर वर्षांवरची. बाहेर पाठवता येत नाही."

"अरे बाळा, फॅशन १८१५ची आहे. कापड गेल्या गुरुवारी घेतलंय."

"मग तसं सर्टिफिकेट आणा."

गंमत अशी की तो कायद्याला धरूनच बोलत होता. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी पुरातन वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि शंका आली तर 'ही पुरातन वस्तू नाही' असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आणावा लागतो. पण खोकं उघडून तर बघ! आत काकांच्या दुकानाचं लेबल शिवलेलं आहे. ते उघडायचा अधिकार त्याला नव्हता. ज्याला होता तो सुटीवर. पत्ता बदलता येत होता, फोन नंबर बदलता येत होता, वर्णन मात्र 'सिस्टीममध्ये लॉक'. पार्सल रद्द करून परत द्या म्हटलं, तर रद्द करायलाही तोच साहेब.

मावशी पाच वेळा गेली. मी इथून रोज सकाळी सातला उठून फोन करायची, म्हणजे तिकडे साडेअकरा, आणि गाणं ऐकत बसायची. एकदा बावीस मिनिटं. एकोणीस दिवस गेले. वाचनगटात सगळे सहानुभूतीने चुकचुकत होते, ते वेगळंच चिडवत होतं.

शेवटी मावशीने भांडण केलं नाही, टेलरकाकांनाच बरोबर नेलं. काकांनी शिलाईचं बिल काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "माझं वय दोनशे वाटतं का?" साहेब नेमके सुटीवरून आले होते. ते हसले. दहा मिनिटांत नवा फॉर्म: कॉटन ड्रेस, नवीन, हाताने शिवलेला. हे दहा मिनिटांचं काम होतं, एवढंच मला म्हणायचंय.

हां, किमतीचंही बघा. ब्रिटनमध्ये घरच्यांनी पाठवलेली भेट ३९ पौंडांपर्यंत करमुक्त असते. मावशीने प्रामाणिकपणे ४,८०० रुपये लिहिले आणि आम्ही थोडक्यात वर गेलो. व्हॅट नऊ पौंडांच्या आसपास, आणि तो भरून घेण्याची 'सेवा' केल्याबद्दल कुरिअरचे बारा.

झगा मिरवणुकीच्या पाच दिवस आधी पोचला. दिवसा उघडा गळा चालत नाही, वर पातळ रुमाल खोचा. नाचाला हातमोजे लागतात. बूट सपाट घ्या, बाथमध्ये चढ फार. त्या झग्यांना खिसे नसायचे, म्हणून बायका हातात छोटी पिशवी धरत. मावशीने बटवा पाठवला होता, काम झालं. शालीवर कोयरी असेल तर उत्तमच. काश्मिरी शालींची नक्कल स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात व्हायची, म्हणून आपल्या कोयरीला हे लोक पेझ्ली म्हणतात. मलमलही आपलीच. ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी' ही कादंबरी बरीचशी बाथमध्येच घडते, आणि तिच्यातला नायक टिल्नी बहिणीसाठी पाच शिलिंग वाराने अस्सल हिंदुस्थानी मलमल घेतल्याची फुशारकी मारतो.

रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०, तिसऱ्या जॉर्जला वेड लागलं म्हणून मुलाने कारभार पाहिला तो काळ. आमच्याकडे तेव्हा दुसरा बाजीराव. चहाच्या टेबलावर त्याच मुलाची लेक, राजकन्या शार्लट, हिच्या मृत्यूचा विषय निघाला, ६ नोव्हेंबर १८१७. मी खडकीत वाढलेली. म्हटलं, आदल्याच दिवशी आमच्या घरामागे लढाई झाली होती. पोस्टमनने वहीत तारीख लिहून घेतली.

संध्याकाळच्या नाचात एका अनोळखी आजींनी माझी बाही दोन बोटांत धरून पाहिली. "सुंदर. खरोखर त्या काळातला आहे का?"

मी बटव्यातून टेलरकाकांचं बिल काढून दाखवलं.